सेकंडहँड गाडी घेतली, पण चावी एकच मिळाली? 'सिक्युरिटी कोड'चं प्रकरण आधी समजून घ्या

गाडी आवडली, चक्कर मारून झाली, ओळखीच्या मेकॅनिकने बॉनेट उघडून मान डोलावली, भाव ठरला. पैसे ट्रान्स्फर करण्याआधी सहज विचारलं, "दुसरी चावी?" एजंटचं उत्तर तयारच होतं. "आहे ना साहेब, आधीच्या मालकाच्या घरी राहिलीये. आठवड्यात देतो पाठवून."

तो आठवडा चार महिने चालला. शेवटी एजंटने फोन उचलणं बंद केलं आणि मी नवी चावी करून घ्यायला सर्व्हिस सेंटरला गेलो. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "चावीचा टॅग आहे? सिक्युरिटी कोडचं कार्ड?" इंजिनीअरिंगची पदवी घरात फ्रेम करून लावलेली असूनही मी विचारलं, "कसला कोड?"

हा प्रश्न एकट्या माझा नाही. जुनी गाडी घेताना लोक टायर बघतात, किलोमीटर बघतात, गाडी कुठे ठोकलेली आहे का हे दाराच्या रबराखाली बोट घालून तपासतात. चावीच्या बाबतीत मात्र 'लागली, सुरू झाली' एवढंच बघितलं जातं.

कोड एक नाही, तीन असू शकतात

खरा गोंधळ इथेच होतो, कारण 'कोड' या एकाच शब्दाखाली वेगवेगळ्या गोष्टी बोलल्या जातात.

पहिला कोड चावीच्या धातूच्या पात्याचा. पात्यावर खाचा किती खोल आणि कुठे पाडायच्या, हे एका नंबरवरून ठरतं. नव्या गाडीबरोबर चावीच्या जुडग्याला पत्र्याची किंवा प्लास्टिकची छोटी पट्टी लावलेली असते, तिच्यावर हा नंबर असतो. बहुतेक जण पहिल्याच आठवड्यात नवीन की-चेन घालताना ती पट्टी काढून ड्रॉवरमध्ये टाकतात आणि गाडी विकताना ती त्या ड्रॉवरमध्येच राहते. हा नंबर असेल, तर मूळ चावी समोर नसतानाही पातं बरोबर कापता येतं.

दुसरा कोड इमोबिलायझरचा. सर्व्हिस सेंटरला साधारणपणे हाच हवा असतो आणि त्यांच्या भाषेत 'सिक्युरिटी कोड' किंवा 'पिन' म्हणजे हाच. नवी चावी गाडीच्या कॉम्प्युटरला ओळखीची करून द्यायची, तर त्याआधी हा पिन द्यावा लागतो.

तिसरा कोड म्युझिक सिस्टिमचा. काही जुन्या गाड्यांत बॅटरी काढून पुन्हा लावली की रेडिओ 'कोड' मागतो. त्याचा चावीशी काही संबंध नाही, पण फोनवर गॅरेजवाल्याशी बोलताना या दोघांची हमखास सरमिसळ होते.

बॅटरी नसलेली चिप

नुसतं पातं कापून भागत का नाही? कारण गेल्या दोन-अडीच दशकांतल्या बऱ्याच गाड्यांच्या चावीच्या प्लास्टिकच्या मुठीत एक इवलीशी चिप असते. तिला बॅटरी लागत नाही. चावी लावण्याच्या जागेभोवती तारेचं एक वेटोळं असतं. इग्निशन फिरवलं की ते साधारण 125 किलोहर्ट्झवर रेडिओ लहरी सोडतं आणि त्यातूनच चिपला पुरेशी वीज मिळते. मग गाडीचा कॉम्प्युटर एक आकडा फेकतो. चिप तो आकडा आपल्या आतल्या गुप्त किल्लीने गणित करून परत पाठवते. उत्तर जुळलं तर इंजिन चालतं, नाही तर स्टार्टर फिरतच नाही किंवा इंजिन क्षणभर सुरू होऊन बंद पडतं. डॅशबोर्डवर चावीचं किंवा कुलपाचं चित्र लुकलुकत राहतं.

रिमोटचं लॉक-अनलॉक बटण ही वेगळी यंत्रणा आहे. तिला सेल लागतो. सेल संपला म्हणून दार रिमोटने उघडलं नाही तरी चावीने गाडी सुरू होते, ती याच कारणाने. पुश-बटण गाड्यांतही सेल संपल्यावर रिमोट बटणाजवळ धरून किंवा ठरलेल्या खाचेत ठेवून गाडी सुरू करायची सोय असते, तिच्या मागेही हेच तत्त्व आहे.

जर्मनी आणि ब्रिटनमध्ये 1998 पासून नव्या गाड्यांना इमोबिलायझर बंधनकारक झाला, कॅनडात 2007 पासून. तो नसला की काय होतं, हे अमेरिकेत दिसलं. तिथे 2011 ते 2021 दरम्यानच्या अनेक ह्युंदाई आणि किया गाड्यांत इमोबिलायझर बसवलेला नव्हता. स्टिअरिंगखालचं कव्हर तोडून यूएसबी केबलच्या टोकाने इग्निशन फिरवायचे व्हिडिओ सोशल मीडियावर फिरले आणि चोऱ्यांची लाट आली. तेव्हा आपल्याला डोकेदुखी वाटणारा हा कोड मुळात कामाचा आहे.

मग हा कोड असतो कुणाकडे?

गाडी बनवणाऱ्या कंपनीकडे. प्रत्येक गाडीला 17 अक्षर-आकड्यांचा व्हीआयएन असतो, आपल्या आरसीवर तो 'चासी नंबर' म्हणून छापलेला असतो. त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं कधीच नसतात, कारण ती 1 आणि 0 शी गफलत करतात. नंबर लिहून देताना हे लक्षात ठेवलं तर एक चक्कर वाचते. मारुतीच्या अनेक गाड्यांचा नंबर एमए3 ने, टाटाच्या एमएटीने आणि ह्युंदाईच्या एमएएलने सुरू होतो. अधिकृत डीलर हा नंबर कंपनीच्या सिस्टिममध्ये टाकतो आणि त्या गाडीचा पिन किंवा चावीचा नंबर मागवतो.

काही कंपन्या हा कोड मालकालाच लिहून द्यायच्या. फियाटच्या गाड्यांबरोबर 'कोड कार्ड' यायचं, त्यावर इलेक्ट्रॉनिक कोड आणि चावीच्या पात्याचा कोड असे दोन्ही असायचे. ओपेलच्या गाड्यांना 'कार पास' असायचा. फियाटच्या काही मॉडेलमध्ये तर चावीची चिप ओळखली गेली नाही, तर डॅशबोर्डवरच्या दिव्याचं लुकलुकणं मोजत अ‍ॅक्सिलरेटर दाबून-सोडून पाच आकडी कोड भरायचा आणि गाडी सुरू करायची, अशी पद्धत मॅन्युअलमध्ये दिलेली आहे. गाडी विकताना सगळ्या चाव्या आणि हे कार्ड नव्या मालकाला द्या, असंही त्याच मॅन्युअलमध्ये लिहिलेलं होतं. किती जणांनी ते पान उघडलं असेल, देव जाणे.

काउंटरवर काय मागतात?

आरसी, मालकाचं ओळखपत्र आणि चावी हरवली असेल तर बहुतेक ठिकाणी पोलिसांकडच्या तक्रारीची प्रत. अशी तक्रार आता ऑनलाइनही करता येते, मुंबई पोलिसांच्या वेबसाइटवर हरवलेल्या वस्तूंसाठी वेगळी सोय आहे. गाडी प्रत्यक्ष आणावी लागते, कारण चावी शेवटी गाडीतच 'शिकवायची' असते.

जुनी गाडी घेणारा अडकतो तो आरसीवर. आरसी अजून आधीच्या मालकाच्या नावावर असेल, तर कोडसाठी तुम्ही परके. सर्व्हिस सेंटर त्या मालकाचं पत्र किंवा तो स्वतः हजर असण्याची मागणी करू शकतं, आणि ते रास्तच आहे. आपली गाडी चोरून नेणाऱ्याला कोणी अशीच चावी करून दिली तर आपण काय म्हणू? सही केलेल्या टीटी फॉर्मवर दोन-तीन हातांतून फिरलेली गाडी असेल, तर मूळ मालक शोधण्यातच महिने जातात. कायद्याप्रमाणे राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने 14 दिवसांत आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. चावीचं काम असेल तर ट्रान्स्फर आधी उरका.

बँकांनी ओढून आणलेल्या आणि लिलावात काढलेल्या गाड्यांत तर अनेकदा एकच चावी असते, कधी तीही नसते. बोली लावताना हा खर्च धरा. साधं पातं कापायला काही शे रुपये पुरतात. चिपची किंवा स्मार्ट की हजारांत जाते. सगळ्याच चाव्या हरवल्या असतील तर टोइंग आणि लॉकसेटचा खर्च त्यावर वेगळा.

म्हणूनच चालू असलेली एक चावी हातात असणं आणि एकही नसणं यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. दोन असल्या तर आणखी बरं. फोर्डच्या अनेक मॉडेलमध्ये दोन चालू चाव्या एकापाठोपाठ लावून तिसरी चावी मशीनशिवाय शिकवता येते. एकच चावी उरली की ही वाट बंद.

कंपनीच देश सोडून गेली तर?

जुन्या बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या गाड्यांत शेव्हरले, फोर्ड आणि फियाट बऱ्याच दिसतात. जनरल मोटर्सने 2017 अखेर भारतात शेव्हरलेची विक्री थांबवली आणि 2020 च्या डिसेंबरमध्ये तळेगावच्या कारखान्यातलं उत्पादनही बंद झालं. फोर्डने सप्टेंबर 2021 मध्ये इथली निर्मिती थांबवत असल्याचं जाहीर केलं. फियाटचा कारखाना पुण्याजवळ रांजणगावला आजही आहे, पण फियाट नावाची गाडी मिळत नाही. अशा गाडीत जवळचं अधिकृत केंद्र अजून चालू आहे का आणि ते व्हीआयएनवरून कोड मागवून देतात का, हे गाडी घेण्याआधी फोन करून विचारा. पार्ट मिळतो का, असं सगळे विचारतात. कोड मिळतो का, हे कोणी विचारत नाही.

तिथे नकार मिळाला तर बाहेरचा कारागीर उरतो. आता फक्त कानस घेऊन बसणारा चावीवाला राहिलेला नाही. शहरांत लॅपटॉप आणि प्रोग्रामर घेऊन घरी येणारे आहेत. स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला मशीन जोडून काही गाड्यांचा पिन ते वाचतात. काही गाड्यांत इंजिनचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, उघडून त्याच्या मेमरी चिपमधून पिन काढावा लागतो. काम जाणणारा माणूस ते नीट करतो. अंदाजाने पिन मारणारा मात्र गाडी आणखी अडकवतो, कारण बऱ्याच गाड्यांत चुकीचा पिन वारंवार टाकला की सिस्टिम ठरावीक वेळ कुलूपबंद होते. कारागिराला दोन गोष्टी आधीच विचारा: तुमच्याच मॉडेलची चावी पूर्वी केली आहे का आणि काम झाल्यावर पिन लिहून देणार का. तुमची आरसी न मागता काम सुरू करणाऱ्यापासून मी तरी दोन पावलं लांब राहीन.

ऑनलाइन जुनी स्मार्ट की स्वस्तात दिसते तीही घेऊ नका. अनेक स्मार्ट की एकदा एका गाडीशी जोडल्या की दुसरीला जोडता येत नाहीत. आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडसारख्या बाजारातून ईसीयू आणि चावीचा जुना जोड घेतलाच, तर बिलाशिवाय घेऊ नका. तो कोणत्या गाडीतून निघालाय, याचं उत्तर उद्या तुम्हाला द्यावं लागू शकतं.

हरवलेली चावी आहे कुणाकडे?

मला स्वतःला सर्वांत उशिरा सुचलेला प्रश्न हा. मी चार महिने 'माझ्याकडे दुसरी चावी नाही' म्हणून कुरकुरत होतो. पण मग ती कुणाकडे तरी आहे. आधीच्या मालकाकडे, त्याच्या ड्रायव्हरकडे, एजंटकडे किंवा गाडी ज्या यार्डात उभी होती तिथल्या खिळ्याला लटकलेली.

नवी चावी करताना म्हणूनच स्पष्ट सांगा: आधीच्या सगळ्या चाव्या मेमरीतून काढून टाका आणि समोर असलेल्याच नोंदवा. बऱ्याच गाड्यांत पद्धतच अशी असते की नोंदणीच्या वेळी जी चावी हजर नाही ती आपोआप बाद होते. त्यामुळे घरातली एकमेव चालू चावीही बरोबर न्या, विसरलात तर तीच बाद व्हायची. कामानंतर गाडीत किती चाव्या नोंदलेल्या आहेत, हा आकडा मशीनच्या स्क्रीनवर बघायला मागा.

इतकं करूनही एक भोक राहतं. मेमरीतून काढलेल्या चावीने इंजिन सुरू होणार नाही, पण तिचं धातूचं पातं तेच आहे. दार उघडेल, डिकीही उघडू शकेल. ते नको असेल तर लॉकसेट बदलणं हाच उपाय आहे.

विम्याचंही बघा. गाडी चोरीला गेल्यावर क्लेम करताना कंपन्या साधारणपणे सगळ्या मूळ चाव्या जमा करायला सांगतात. एकच चावी दिली तर 'दुसरी कुठे' हा प्रश्न येतोच आणि तिथे एजंटची कहाणी सांगून भागत नाही. चावी मिळाली नसल्याचं विक्रीच्या कागदावर लिहून घ्या, हरवल्याची तक्रार आणि नव्या चावीचं बिल जपून ठेवा. पॉलिसी नावावर करतानाच चाव्या बदलण्याचा खर्च देणारं अ‍ॅड-ऑन मिळतं का, तेही विचारा.

पैसे देण्याआधीची पाच मिनिटं

दोन्ही चाव्या हातात घ्या आणि दोन्हींनी गाडी सुरू करून बघा, नुसतं दार उघडून नाही. दुसरी चावी दिसायला अगदी तशीच, पण चिप नसलेली असू शकते. ती दार उघडते आणि तुम्ही खूश होता. टॅग आणि कार्ड मागा. 'नंतर देतो' म्हणाले तर नव्या चावीचा खर्च सर्व्हिस सेंटरला फोन करून विचारा आणि तेवढी रक्कम हातात राखून ठेवा.

टॅग मिळाला तर तो चावीलाच लटकवू नका आणि कार्ड ग्लोव्हबॉक्समध्ये ठेवू नका. टॅगचा फोटो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकून 'कुणी चावी करून देईल का' असं विचारणारे लोक मी पाहिलेत. त्या नंबरवरून दुसराही कुणी चावी कापू शकतो.

माझ्या गाडीची नवी चावी आरसी नावावर झाल्यानंतर अडीच आठवड्यांनी आली. त्याच महिन्यात एजंटचा मेसेज आला: "साहेब, ती दुसरी चावी सापडली. किती द्याल?"