आधार ‘लिंक’ आहे, पण बँकेची ‘लिंक’ गेली: एका शब्दाचा गुंता

गेल्या दिवाळीत पुण्याहून घाटंजीला गेलो, तर बाबांनी पासबुकच समोर ठेवलं. पीएम किसानचा दोन हजारांचा हप्ता जमा नव्हता. “बँकेतला म्हणते आधार लिंक आहे. सेतूवाला म्हणते या बँकेला लिंकच नाही. तू तं कम्प्युटरवाला ना, मंग सांग कोण खोटं बोलून राह्यलं ते.”

दुसऱ्या दिवशी दोघं बँकेत गेलो. काउंटरवरच्या माणसाने मान वर न करताच सांगितलं, “लिंक नाही, दोन वाजता या.” बाबा भडकले. “काल तं म्हणत होते लिंक आहे!”

त्याची ‘लिंक’ म्हणजे शाखेची लाइन. तुमच्या खात्याचा हिशोब शाखेतल्या कम्प्युटरमध्ये नसतो, तो बँकेच्या दूरच्या डेटा सेंटरमध्ये असतो. मधली लाइन तुटली की शाखेला तुमची शिल्लकही दिसत नाही. त्याचा आधारशी काही संबंध नाही. पण हे बाबांना कोण सांगणार?

आता हप्त्याचं. इथे बँकवाला आणि सेतूवाला दोघंही खरं बोलत होते. बँकेत आधार ‘लिंक’ होण्याचे दोन वेगळे अर्थ आहेत. पहिला म्हणजे बँकेने तुमचा आधार नंबर केवायसीसाठी स्वतःच्या नोंदीत लिहिला. असं तुम्ही पाच बँकांत करू शकता. दुसऱ्याला खरं तर ‘सीडिंग’ म्हणतात. एनपीसीआय, म्हणजे यूपीआय चालवणारी तीच संस्था, एक मोठी यादी ठेवते. तिचं नाव मॅपर. त्यात प्रत्येक आधार नंबरसमोर एकच बँक असते. खाते नंबरसुद्धा नसतो, फक्त बँक. सरकार आधारवर पैसे पाठवतं तेव्हा मॅपर बँक सांगतो, आणि कोणत्या खात्यात टाकायचं ते ती बँक ठरवते.

प्रोग्रामिंग शिकलेल्यांना हे लगेच कळेल: एका की-ला एकच व्हॅल्यू. नवी लिहिली की जुनी पुसली जाते. म्हणजे शेवटी जिथे सीडिंग झालं, ती बँक जिंकते.

बाबांनी दोनेक वर्षांपूर्वी एका मोबाइलच्या दुकानात नवं सिम घेताना ‘फ्री खातं’ उघडलं होतं. अंगठा दिला आणि विसरून गेले. हप्ता बरोबर तिथे जाऊन बसला होता.

हे तुम्ही घरी बसून पाहू शकता. यूआयडीएआयच्या ‘माय आधार’ साइटवर लॉगिन करा आणि ‘बँक सीडिंग स्टेटस’ उघडा. बँकेचं नाव आणि सीडिंग चालू आहे की नाही, ते दिसतं. लॉगिनला ओटीपी लागतो, म्हणजे आधी मोबाइल नंबर आधारला जोडलेला हवा. हा ‘लिंक’चा आणखी एक अर्थ! बँक बदलायची असेल तर हव्या त्या शाखेत जाऊन “आधार लिंक करा” म्हणू नका. “डीबीटीसाठी सीडिंग करा” म्हणा. मी हे वाक्य बाबांना कागदावर लिहून दिलं.

याच गोंधळावर चोरांचं पोट भरतं. त्याच आठवड्यात आईच्या व्हॉट्सअॅपवर मेसेज आला: आधार लिंक नाही, हप्ता बंद होईल, खालील लिंक दाबा. एका वाक्यात दोन ‘लिंक’, दोन अर्थ. पहिलीने घाबरवायचं, दुसरीने लुटायचं.

ही दुसरी लिंक म्हणजे वेबचा दुवा. तिला दोन तोंडं असतात: वर दिसणारा मजकूर आणि आत लपलेला पत्ता. मजकूर काहीही लिहिता येतो. त्यामुळे लिंक टॅप करू नका, दाबून धरा, खरा पत्ता दिसेल. सुरुवातीच्या दोन तिरक्या रेघांनंतर पुढची एकेरी तिरकी रेघ येईपर्यंतचा भाग घ्या आणि तो उजवीकडून वाचा. शेवट ‘डॉट गव्ह डॉट इन’ असेल तर साइट सरकारी. ‘पीएमकिसान’ हा शब्द सुरुवातीला किंवा मधे कुठेही असला तरी त्याने काही सिद्ध होत नाही. आईला आलेल्या पत्त्याचा शेवट होता ‘डॉट एपीके’. म्हणजे ती साइट नव्हती, थेट अॅपची फाइल होती. असं अॅप टाकून परवानग्या दिल्या की ते एसएमएस वाचतं, आणि ओटीपी एसएमएसमध्येच येतो.

“सिमला आधार लिंक करा, नाहीतर बंद” असा फोन आला तर सरळ कट करा. सुप्रीम कोर्टाने 26 सप्टेंबर 2018 च्या निकालात सिमसाठी ही सक्ती रद्द केली आहे. पॅनसाठी मात्र कायम ठेवली.

मुळात लिंक म्हणजे साखळीची कडी. इंग्रजांच्या काळात जमीन मोजायची गंटर साखळी 66 फुटांची, तिच्यात 100 कड्या. म्हणजे एक ‘लिंक’ 7.92 इंचांची. 33 बाय 33 फुटांचा आपला गुंठा म्हणजे बाजूला बरोबर अर्धी साखळी. मराठीत आपण ‘दुवा’ म्हणतो, पण आजी डोक्यावर हात ठेवून देते तीही दुवाच. आणि आमच्या धंद्यात ‘लिंकर एरर’ म्हणजे प्रोग्रामचे तुकडे जुळले नाहीत. त्यावर माझे दोन वीकेंड गेलेत, जाऊ द्या.

बाबांचं सीडिंग झालं, पुढचा हप्ता नेहमीच्या खात्यात आला. मग पेरणीच्या वेळी त्यांचा फोन. “अरे, इथं लिंकिंग करून राह्यले.” मी घाबरून विचारलं, “ओटीपी दिला का?”

“ओटीपी कायचा? खताची लिंकिंग! युरिया पाह्यजे तं म्हणे संगं ही बाटलीबी घ्या.”

त्यावर माझ्याकडे अॅप नव्हतं. पक्कं बिल मागा आणि तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या, एवढंच सांगितलं. बाबा म्हणाले, “तक्रार देतो, पण युरिया आजच पाह्यजे.” आणि बाटली घेऊन घरी आले.