कुलूपबंद गाणं

वाळूज एमआयडीसीत १९८५ मध्ये बजाजचा कारखाना सुरू झाला, तेव्हा गाणं विकत घ्यायचं म्हणजे कॅसेट घ्यायची. टेप कुठल्याही कंपनीचा असो, कॅसेट त्यात वाजायचीच. फीत अडकली तर भोकात पेन्सिल घालून गुंडाळायची, की झालं. आज बजाजनगरातला कामगार सेकंड शिफ्ट सुटल्यावर मोबाईलवर ऐकतो ते गाणं पैसे भरून घेतलेलं असतं, पण गाडीच्या स्टिरिओत ते वाजेलच असं नाही.

याचं कारण गाण्याला घातलेलं कुलूप. फाइल सांकेतिक रूपात असते आणि ती उलगडणारी किल्ली ठरावीक खात्याला किंवा यंत्रालाच मिळते. पेनड्राइव्हवर फाइल जाते, किल्ली मागेच राहते. साध्या फोनच्या काळात विकत घेतलेली रिंगटोन मित्राला ब्लूटूथने पाठवायला गेलं की फोन नकार द्यायचा, तोही याच जातीचा प्रकार.

अ‍ॅपलने २००३ मध्ये आयट्यून्स स्टोअर उघडलं तेव्हा तिथली गाणी ‘.एमफोरपी’ या कुलूपबंद फाइलमध्ये मिळत. पळवाट दुकानानेच ठेवली होती : गाणी ऑडिओ सीडीवर उतरवायची आणि त्या सीडीवरून एमपीथ्री करून घ्यायची. आवाज थोडा उतरायचा, पण गाणं कुठेही वाजायचं. पुढे २००७ मध्ये स्टीव्ह जॉब्जने हे कुलूप काढावं अशी जाहीर भूमिका घेतली आणि २००९ मध्ये ते सगळ्या गाण्यांवरून निघालं. भारतात हे दुकान आलं डिसेंबर २०१२ मध्ये, म्हणजे आपल्याकडे पहिल्या दिवसापासून मोकळंच गाणं मिळालं.

त्याच वर्षी फ्लिपकार्टने ‘फ्लाइट’ काढलं. तिथे साधं एमपीथ्री मिळायचं. २०१३ मध्ये ते दुकान बंद झालं, पण ज्यांनी गाणी उतरवून ठेवली होती त्यांची अजून वाजतात. स्ट्रीमिंगचं तसं नाही. स्पॉटिफायवर ‘डाऊनलोड’ केलेलं गाणं अ‍ॅपबाहेर वाजत नाही आणि ते टिकवायला ३० दिवसांत एकदा तरी इंटरनेटला जोडावं लागतं. एअरटेलने २०२४ मध्ये विंक म्युझिक बंद केलं, तेव्हा त्यातल्या डाऊनलोडचाही आधार गेला.

घरातल्या आजीच्या कारवांचा मामला वेगळा. २०१७ मध्ये सारेगामाने आणलेल्या या पेटीत पाच हजार गाणी आधीच भरलेली, पुढे तिची मराठी आवृत्तीही आली. यूएसबीने आपली गाणी त्यात वाजवता येतात. पेटीतली मात्र बाहेर काढता येत नाहीत.

कुलूप तोडावं का? २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलम ६५ए आलं. हक्कभंगाच्या हेतूने कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. त्यामुळे मुळातच मोकळी फाइल घेणं सोयीचं.

दिवाळीत गावी निघताना पेनड्राइव्ह भरणार असाल, तर आधी फाइलचं शेपूट बघा. ‘.एमपीथ्री’ असेल तर बहुतेक सगळीकडे वाजेल. ‘.एमफोरए’ जुन्या स्टिरिओला बहुधा कळत नाही, ते संगणकावर एमपीथ्री करून घ्या. ‘.एमफोरपी’ असेल तर किल्ली लागणार. आणि पेनड्राइव्ह फॅट-३२ मध्ये फॉरमॅट करा. गाडीतल्या पुष्कळ स्टिरिओंना दुसरं काही वाचताच येत नाही.