निघणे आणि काढणे : नादारीच्या अर्जाची भाषा

मराठीत दिवाळे ‘निघते’ आणि दिवाळे ‘काढले’ही जाते. पहिल्या प्रयोगात घडणाऱ्या गोष्टीस कोणी कर्ता नाही. ती आपोआप घडल्यासारखी सांगितली जाते. दुसऱ्या प्रयोगात कर्ता आहे आणि त्याच्या माथी दोषही आहे. कर्जाच्या व्यवहारात अशा क्रियापदांच्या जोड्या पुष्कळ आढळतात. ऋणकोच्या तोंडी हप्ते ‘थकले’, पैसे ‘बुडाले’ अशी रूपे येतात. धनको तीच हकीगत ‘थकवले’, ‘बुडवले’ अशी सांगतो. न्यायालयापुढे येणारा नादारीचा अर्ज म्हणजे, भाषेच्या दृष्टीने पाहता, या दोन रूपांमधील वादाचा निर्णय मागणारा लेख होय. हा लेख पुष्कळदा एकट्याने वकिली करणारा वकील आणि त्याचा अशील अशा दोघांनीच सिद्ध केलेला असतो. त्यात शब्द कोठे अडतात आणि ते अडल्यास ऋणकोचे काय नुकसान होते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम शब्दांचे कूळ पाहू. ‘दिवाळे’ या शब्दाची व्युत्पत्ती वादग्रस्त आहे. तिचा संबंध दिव्याशी जोडणारी एक चाल ड्रमंड याने १८०८ साली मुंबईस प्रसिद्ध झालेल्या गुजराती व मराठी भाषांवरील ग्रंथात नोंदविली असून, यूल व बर्नेल यांच्या १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशाने ती उद्धृत केली आहे. व्यापार बुडाला की व्यापारी आपल्या घरात किंवा दुकानात मोठा दिवा लावून ठेवी, आणि हिशेब उघड होऊन किंवा मालमत्तेची वाटणी होऊन धनकोंचे समाधान होईपर्यंत स्वतः दूर राही, असे तेथे सांगितले आहे. व्युत्पत्ती खरी असो वा नसो, आजच्या कायद्याची दोन मुख्य अंगे, म्हणजे जाहीर कबुली आणि हिशेबाने वाटणी, या चालीत स्पष्ट दिसतात.

‘नादार’ हा शब्द फारसीतून आला. ‘दार’ म्हणजे धारण करणारा. ‘कर्जदार’ आणि ‘नादार’ हे एकाच प्रत्ययाचे शब्द होत. एकाजवळ कर्ज आहे, दुसऱ्याजवळ काहीच नाही. शब्द अवस्था सांगतो, दोष सांगत नाही. म्हणूनच शाळेत गरीब विद्यार्थ्यास मिळणाऱ्या फीमाफीसही जुन्या पिढीने ‘नादारी’ म्हटले आणि तो शब्द संकोचाने का होईना, अर्जावर लिहिला. उलट ‘दिवाळखोर’ या शब्दातील ‘खोर’ हा प्रत्यय भांडखोर, लाचखोर, चुगलखोर या शब्दांतला, म्हणजे वाईट खोड दाखविणारा आहे. राज्यघटनेच्या १०२ व्या अनुच्छेदाच्या मराठी पाठात ‘अविमुक्त नादार’ असा प्रयोग आहे. २०१६ च्या संहितेच्या मराठी नावात मात्र नादारी आणि दिवाळखोरी असे दोन्ही शब्द शेजारी बसले. कायद्याच्या दृष्टीने त्या एकाच प्रक्रियेच्या दोन पायऱ्या होत. परंतु ऐकणाऱ्याच्या कानी एक शब्द दैन्य घालतो आणि दुसरा कलंक.

या संहितेचा व्यक्तींसंबंधीचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून अमलात आला, तो केवळ कंपन्यांच्या कर्जास वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता. इतर ऋणकोंना मुंबईत १९०९ चा आणि महाराष्ट्राच्या अन्य भागांत १९२० चा नादारीविषयक कायदाच लागू पडतो. १९२० च्या कायद्याप्रमाणे ऋणकोस कर्ज फेडण्यास असमर्थ असल्याचे सांगून अर्ज करता येतो. मात्र कर्ज ५०० रुपयांचे तरी असावे लागते, अथवा हुकूमनाम्याच्या बजावणीत त्यास अटक वा त्याच्या मालमत्तेची जप्ती झालेली असावी लागते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ५५ व्या कलमात तर एक लक्षणीय तरतूद आहे. पैशाच्या हुकूमनाम्याखाली अटक झालेला ऋणको समोर आणला असता, त्यास नादारीचा अर्ज करता येतो, हे न्यायालयाने त्यास सांगितले पाहिजे. केवळ उच्चारण्याचे कर्तव्य न्यायालयावर घालणाऱ्या तरतुदी थोड्या. त्यांपैकी ही एक होय.

आता या अर्जाच्या लेखनाकडे वळू. ‘वकील’ आणि ‘अशील’ हे दोन्ही शब्द अरबी. अशील म्हणजे मूळ पुरुष, आणि वकील म्हणजे त्याच्या वतीने बोलणारा. दुसऱ्याने लिहिलेल्या कागदावर सही करण्याचे दुःख मराठी ऋणकोस नवे नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे उसळलेल्या आणि पुढे पसरलेल्या दंग्यांत शेतकऱ्यांचा मुख्य रोख सावकारांच्या दप्तरातील कर्जरोख्यांवर होता, आणि ते रोखे जाळले गेले. नादारीचा अर्जही दुसराच लिहितो; पण त्यावर सही आणि सत्यापन ऋणकोचे असते. मालमत्ता वा हिशेब बुद्ध्या दडविल्यास एक वर्षापर्यंतच्या कैदेची शिक्षा त्यालाच होऊ शकते. म्हणून अर्जातील प्रत्येक वाक्य अशिलास त्याच्या भाषेत कळले आहे की नाही, हा सौजन्याचा प्रश्न नसून संरक्षणाचा प्रश्न आहे. मोठ्या कचेरीत हकीगत एकजण ऐकतो, मसुदा दुसरा करतो आणि न्यायालयात तिसरा उभा राहतो. एकट्या वकिलाकडे ही तिन्ही कामे एकाच कानाने आणि एकाच हाताने होतात. त्यामुळे मधल्या मध्ये शब्द हरवण्याचा संभव कमी असतो. परंतु कानाने चूक केली तर ती दुरुस्त करणारा दुसरा कोणी नसतो.

ही चूक बहुधा ‘कर्ज’ या शब्दापाशीच होते. अर्जात सर्व देण्यांचा तपशील आणि धनकोंची नावे व पत्ते द्यावे लागतात. वकील विचारतो, ‘तुमच्यावर एकूण कर्ज किती?’ अशील बँकेचे आणि पतपेढीचे आकडे सांगून थांबतो. तो खोटे बोलत नसतो. त्याच्या बोलीत मेव्हण्याकडून घेतलेले पैसे ‘हातउसने’ असतात, दुकानाच्या मालकाकडून घेतलेली रक्कम ‘उचल’ असते, आधीच उचललेल्या भिशीचे राहिलेले हप्ते ‘भिशी’ असतात, आणि मित्राच्या कर्जास तो केवळ ‘जामीन राहिलेला’ असतो. यांपैकी एकाही गोष्टीस तो कर्ज म्हणत नाही. कायदा मात्र आजचे व पुढचे, निश्चित व संभाव्य, असे बहुतेक सर्व दायित्व देण्यात धरतो. म्हणून अनुभवी वकील ‘कर्ज किती’ असे न विचारता ‘कोणाकोणाचे देणे लागता, कोणाच्या समोरून जाताना चुकल्यासारखे वाटते’ असे विचारतो. प्रश्नातील शब्द बदलला की यादी लांबते.

हातउसन्याचे आणखी एक संकट आहे. अब्रूचा धनी माणूस अर्जापूर्वी प्रथम नातेवाइकाचे पैसे गुपचूप फेडतो. त्याच्या भाषेत ते ‘शब्द पाळणे’ होय. परंतु अर्जापूर्वीच्या तीन महिन्यांत एका धनकोस झुकते माप देण्याच्या हेतूने केलेली फेड कायद्यापुढे टिकत नाही. तसेच घर पत्नीच्या ‘नावावर करणे’ हा त्याच्या लेखी घरातल्या घरातला बदल असतो. पण मोबदल्यावाचून केलेले असे हस्तांतर पुढील दोन वर्षांत नादारीचा अर्ज होऊन तो नादार ठरल्यास रद्द होऊ शकते. या गोष्टी वकिलास आरंभी कळल्या तर उपाय असतो. उलटतपासणीत कळल्या तर ‘निघाले’चे ‘काढले’ होते. उलट ‘सगळे जाईल’ या भीतीने बोलणे टाळणाऱ्यास हेही सांगावे लागते की, अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे आणि धर्माचाराप्रमाणे स्त्रीने अंगावेगळा करू नये असा दागिना यांस जप्ती लागत नाही.

यानंतर हकीगत. नादार ठरणे म्हणजे कर्जातून सुटणे नव्हे. सुटका पुढे ‘विमुक्ती’च्या हुकुमाने होते आणि तिच्यासाठी ठरलेल्या मुदतीत वेगळा अर्ज करावा लागतो. त्या वेळी न्यायालय कारण विचारते. मालमत्तेतून बिनतारणी देण्यांच्या रुपयास आठ आणेही निघत नसतील, आणि ही स्थिती आपल्या दोषावाचून आली असे ऋणको पटवू शकला नाही, तर बिनशर्त विमुक्ती मिळत नाही. येथे ‘धंदा बसला’ हे अकर्तृक वाक्य पुरत नाही. कोणत्या महिन्यात गिऱ्हाईक तुटले, कोणत्या आजारपणात किती खर्च झाला, त्यानंतर नवे कर्ज काय आशेवर काढले, अशी तारखांची आणि पावत्यांची वाक्ये लागतात. त्यांत ऋणकोने स्वतः केलेल्या चुकांची वाक्ये कर्तरी प्रयोगातच लिहिली पाहिजेत. ती लपविली तर उरलेल्या खऱ्या वाक्यांवरचाही विश्वास उडतो. विमुक्तीनंतरही सरकारी देणे, कपटाने केलेले कर्ज आणि पोटगीच्या हुकुमाचे देणे सुटत नाही, आणि जामीनदारही मोकळा होत नाही, हे अशिलास आधीच स्वच्छ सांगणे हा वकिलाच्या कर्तव्याचाच भाग होय.

यावरून असे दिसते की, कायद्याने देऊ केलेला दिलासा ऋणकोपर्यंत पोचण्याच्या वाटेवर पहिला अडथळा शब्दांचा आहे. ‘देणे’, ‘उसने’, ‘उचल’, ‘जामीन’ या अर्थक्षेत्राची जिल्हावार नोंद आणि कर्जविषयक कागदपत्रांतील प्रयोगांचा पद्धतशीर अभ्यास मराठी भाषाशास्त्राने हाती घेतल्यास, तो केवळ कोशकारांस नव्हे, तर खालच्या आवाजात आपली हकीगत सांगणाऱ्या माणसासही उपयोगी पडेल.