मधल्या सीटचा प्रश्न

तीन लहान मुलांच्या घरासाठी सेकंडहँड गाडी बघायला जाताना मेकॅनिक न्यावाच, पण त्याच्या आधी मुलांच्या कार सीट न्याव्यात. माझ्या धाकट्या बहिणीला जुळं झालं, थोरली पाच वर्षांची. जुन्या हॅचबॅकमध्ये तिघं मावेनात, म्हणून चिंचवड-वाकडच्या बाजारात आम्ही हिंडलो ते या तिन्ही सीट डिकीत टाकूनच. एजंटांना गंमत वाटायची. "मॅडम, पोरं काय, मांडीवर बसतात," असं एक जण म्हणालाही. धडक बसली की मांडीवरचं मूल कुणाच्याच हातात राहत नाही, हे त्याला कोण सांगणार? कायद्याचं म्हणाल तर २०१९च्या दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालचं मूल पट्ट्याशिवाय किंवा कार सीटशिवाय नेलं तर १,००० रुपये दंड आहे. तो भरताना मी तरी कुणाला पाहिलेलं नाही.

गाडी समोर आली की एजंट सनरूफ उघडून दाखवतो. आपण सरळ मागचं दार उघडायचं आणि पाठ व बैठक यांच्या फटीत बोटं घालायची. तिथे लोखंडी कड्या लागल्या पाहिजेत, एका जागेला दोन, एकमेकींपासून २८ सेंटिमीटरवर. हेच आयसोफिक्स. कार सीटचे दोन दांडे त्यांत ढकलले की खट्‌ आवाज होतो आणि बहुतेक सीटवर हिरवी खूण दिसते. पण आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत या कड्या दोन कडेच्या जागांनाच असतात. मधल्या जागेला कड्या नाहीत, आणि बऱ्याच जुन्या गाड्यांत तिथे नुसता कमरेचा पट्टा. थोरल्या मुलीच्या बूस्टरला, म्हणजे तिला उंच बसवणाऱ्या बैठकीला, खांद्यावरून येणारा पट्टा लागतोच. त्यामुळे कागदावरची पाच सीटर गाडी आमच्या हिशेबात दोन मुलांची ठरायची.

एका कॉम्पॅक्ट एसयूव्हीत मधला पट्टाही तीन ठिकाणी धरणारा होता. बहिणीचे डोळे चमकले. एक कार सीट साधारण ४४ सेंटिमीटर रुंद, म्हणजे तिन्हींना १३२ हवेत. टेप लावली तर जेमतेम बसत होतं. बसवल्याही. मग भाचीला मध्ये बसवून पट्टा लावायला गेलो, तर बकल बूस्टरखाली गडप. बहिणीने हात घातला, बोटं खरचटली, तरी बकल सापडेना. "दादा, रोज सकाळी शाळेच्या वेळेला हे करायचं?" या एका प्रश्नावर ती गाडी बाद झाली. रोज इतकी झटापट करावी लागली की आठवड्याभरात पट्टा लावणं सुटतं.

मग तीन रांगांच्या गाड्या. मधली रांग सलग बाकासारखी असेल, तर तिसऱ्या रांगेत जायला कडेची सीट दुमडावी लागते, आणि कार सीट बसवलेली असताना ती दुमडता येत नाही. म्हणून मधे दोन सुट्या खुर्च्या असलेली गाडी शोधली: जुळी त्या दोन खुर्च्यांवर आयसोफिक्सला, थोरली मधल्या वाटेने मागे जाऊन बूस्टरवर, खांद्याच्या पट्ट्यात. तिसरी रांग उघडली की डिकी नावालाच उरते. बाबागाडी घडी करून आत जाते का, तेही तिथेच बघितलं.

धडक-चाचणीत गाडीला मिळणाऱ्या ताऱ्यांबद्दल एक. मोठ्यांचे तारे वेगळे आणि मुलांचे वेगळे असतात, विकणारा मोठ्यांचेच सांगतो. ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत २०१८ साली मराझोला मोठ्यांसाठी चार तारे मिळाले, मुलांसाठी दोनच. २०१९ साली अर्टिगाला दोन्हीकडे तीन.

सेकंडहँड गाडीत अपघात आणि पुराचं पाणी लपवणं हा तर धंदाच आहे. मागचा पट्टा शेवटपर्यंत ओढून बघावा: तळाशी चिखलाचा डाग असेल तर गाडी पाण्यात उभी होती असं धरून चालावं. पट्ट्यावर लेबल असतं, त्यावरची तारीख गाडीच्या वर्षापेक्षा बरीच नंतरची असली तर पट्टा का बदलला ते विचारावं. चावी फिरवली की एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांत विझला पाहिजे. लागलाच नाही, तर कुणीतरी तो मुद्दाम बंद केलेला असू शकतो.

आम्ही शेवटी एक्सएल६ घेतली, २०२२ नंतरची, कारण तिला चार एअरबॅग आहेत. सौदा ठरल्यावर एजंटाने एक जुनी कार सीट वर फुकट देऊ केली. ती घेतली नाही, तुम्हीही घेऊ नका. अपघातात सापडलेल्या सीटचे तडे कापडाखाली दिसत नाहीत. गाडी जुनी चालेल, सीट मात्र नवीच घ्या.