बदकाच्या अंड्यांचे शेवटचे तीन दिवस

बदकाच्या अंड्यांतून पिलें निघावयास सामान्यतः २८ दिवस लागतात. कोंबडीस २१ दिवस पुरतात; मस्कोव्ही नांवाच्या मोठ्या जातीच्या बदकांस मात्र ३३ ते ३५ दिवस लागतात. पहिले २५ दिवस ज्यानें मोठ्या निष्ठेनें अंडीं राखिलीं, त्याच्या पदरीं अखेरीस मेलेलीं पिलें पडावीं, ही फार दुःखाची गोष्ट होय. आणि ती पुष्कळ घरीं घडते. पूर्ण वाढलेलें पिलूं कवचास चोंच मारतें आणि तेथेंच संपतें. याचें कारण बहुधा शेवटच्या तीन दिवसांच्या व्यवस्थेंत सांपडतें. आतां विजेवर चालणाऱ्या थर्मोकोलच्या लहान पेट्या खेड्यापाड्यांतही पोंचल्या आहेत, म्हणून विद्यार्थ्यांकरितां व त्यांच्या पालकांकरितां या तीन दिवसांची हकीकत थोड्या विस्तारानें देत आहें.

प्रथम एक शंका. घरीं बदकाची मादी असतांना पेटीचें किंवा कोंबडीचें काय प्रयोजन? खाकी कॅम्पबेल या जातीचीं बदकें भारतांत अंड्यांकरितां पुष्कळ पाळितात. इंग्लंडांतील ग्लॉस्टरशायर परगण्यांत अडील कॅम्पबेल नांवाच्या बाईंनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या वंशाचा पाया घातला. अंडीं पुष्कळ मिळावींत हा हेतु होता व तो सफळ झाला. पण जी मादी वर्षाचा बहुतेक काळ अंडीं घालीत राहते, ती त्यांवर क्वचितच बसते. म्हणून बदकाचीं अंडीं खुडूक कोंबडीखालीं ठेवण्याचा प्रघात पडला. त्या बिचारीस एक आठवडा अधिक बसावें लागतें, आणि तिच्या दाण्यापाण्याकडे लक्ष न दिल्यास ती पार सुकून जाते.

दिवस मोजण्यांत घोंटाळा होऊं देऊं नये. अंडीं ठेविलीं तो दिवस शून्य. चोवीस तास भरले म्हणजे पहिला दिवस झाला. रविवारीं सायंकाळीं ठेविलेल्या अंड्यांचे २५ दिवस चवथ्या आठवड्यांतील गुरुवारीं सायंकाळीं भरतात, आणि त्यापुढील रविवारीं २८.

या सुमारास अंड्याच्या आंत काय चाललेलें असतें, तें समजलें म्हणजे पुढील सर्व नियमांचा उलगडा होतो. आतांपर्यंत पिलूं फुप्फुसांनीं श्वास घेत नव्हतें. कवचाच्या आंतल्या बाजूस रक्तवाहिन्यांचें एक दाट जाळें पसरलेलें असतें. कवचाच्या सूक्ष्म छिद्रांतून येणारा प्राणवायु त्या जाळ्यास मिळतो व तेथून पिलास पोंचतो. पिलूं अंडेंभर वाढलें म्हणजे हा पुरवठा अपुरा पडूं लागतो, आणि रक्तांत कर्बद्विप्राणिद वायु वाढतो. त्यासरशीं मानेच्या मागील एका विशेष स्नायूस झटके येऊं लागतात. चोंच वर उसळते व अंड्याच्या रुंद टोंकाशीं असलेल्या हवेच्या पोकळीचा पडदा फाडते. तेथें पिलूं आयुष्यांतील पहिला श्वास घेतें. त्या चिमूटभर हवेवर तें कांहीं तास काढतें. मग चोंचीच्या शेंड्यावर असलेल्या कठीण अंडदंतानें कवचास तडा पाडतें.

आणि मग तें थांबतें! येथेंच पाहणाऱ्याचा धीर सुटतो. कोंबडीच्या पिलापेक्षां बदकाचें पिलूं या अवस्थेंत अधिक वेळ राहतें. पहिला तडा पडल्यापासून बाहेर येईपर्यंत २४ तास, कधीं ४८ तासही जातात. पण या वेळांत तें स्वस्थ बसलेलें नसतें. कवचाखालील जाळ्यांतलें रक्त हळूहळू शरीरांत ओढलें जातें, आणि उरलेला पिवळा बलक बेंबीवाटे पोटांत घेतला जातो. हें काम पुरें झालें म्हणजे पिलूं आंतल्या आंत फिरूं लागतें, कवचाचें टोंक डबीच्या झांकणाप्रमाणें वर्तुळाकार कापतें व पायांनीं रेटा देऊन बाहेर पडतें. तत्पूर्वीं कोणीं दयाबुद्धीनें कवच सोलूं लागला, तर रक्तानें भरलेल्या वाहिन्या तुटतात आणि बलक बाहेरच राहतो. पिलूं वाचविण्यास गेलेला हातच त्याचा घात करितो. लहान मुलांस हें आधींच समजावून ठेवावें. त्यांचे हात फार शिवशिवतात.

आतां पंचविसाव्या दिवसाच्या तयारीकडे वळूं. अंधाऱ्या खोलींत विजेरीच्या उजेडावर एकेक अंडें धरून पाहावें. जिवंत अंड्यांत हवेची पोकळी स्वच्छ दिसते, तिची कड तिरपी झालेली असते, आणि बाकीचा भाग गर्द काळा असून कधीं कडेशीं छाया हालतांना दिसते. आंत पाणी डुचमळत असेल, वाहिन्या दिसत नसतील किंवा दुर्गंधि येत असेल, तर तें अंडें निःसंकोच काढून टाकावें. नासलेलें अंडें पेटींत फुटलें तर शेजारच्या चांगल्या अंड्यांची धडगत नसते. बारीक वजनाचा कांटा असल्यास वजनही घ्यावें. पंचवीस दिवसांत अंड्याच्या वजनापैकीं सुमारें १३ टक्के भाग पाण्याच्या वाफेच्या रूपानें जावयास हवा. म्हणजे ७० ग्रॅमचें अंडें सुमारें ६१ ग्रॅम भरावें. पाणी कमी उडालें तर पोकळी लहान राहते आणि पिलास पहिल्या श्वासापुरतीही हवा मिळत नाहीं.

या दिवसापासून अंडीं फिरविणें अजिबात बंद करावें. पिलूं आतां आपली चोंच पोकळीच्या दिशेस लावीत असतें. अंडीं जाळीवर आडवीं ठेवावींत व खालीं खरबरीत कापड घालावें. गुळगुळीत कागदावर नव्या पिलांचे पाय घसरून फांकतात आणि कायमचे अधू होतात.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट पेटींतील ओलाव्याची. पहिले २५ दिवस ५५ टक्क्यांच्या आसपास आर्द्रता पुरते. शेवटचे तीन दिवस ती ७० ते ८० टक्के लागते. कारण कवच फुटल्यावर आंतील पापुद्र्यास बाहेरची हवा लागते. ती कोरडी असेल तर पापुद्रा कातड्यासारखा वाळून पिलाच्या अंगास घट्ट चिकटतो, व त्यास फिरतांच येत नाहीं. आर्द्रता वाढविण्यास पाणी खोल असून उपयोग नाहीं. त्याचा पृष्ठभाग मोठा पाहिजे. पसरट थाळी ठेवावी, नाहीं तर ओला स्पंज ठेवावा.

येथें आमच्या प्रांताचा एक भेद ध्यानांत घेण्यासारखा आहे. कोंकणांत पावसाळ्यांत २७ अंशांची पाण्यानें पूर्ण भरलेली हवा पेटींत ३७.५ अंशांपर्यंत तापली, म्हणजे तिची सापेक्ष आर्द्रता आपोआप ५५ टक्के होते. तेव्हां तेथें पहिले २५ दिवस पाणी न ठेवणेंच बरें. देशावर मे महिन्यांत मात्र दोन थाळ्याही कमी पडतील.

स्वस्त आर्द्रतामापकावर विश्वास कितपत ठेवावा? त्याची परीक्षा घरीं होते. बाटलीच्या झांकणांत साधें मीठ घेऊन तें पाण्यानें नुसतें चिंब करावें, विरघळूं देऊं नये. तें व मापक एका घट्ट बंद डब्यांत सात-आठ तास ठेवावें. ओल्या मिठावरील हवेची आर्द्रता ७५ टक्के असते. मापक ६९ दाखवीत असेल तर तो ६ कमी दाखवितो, हें लिहून ठेवावें. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं हा प्रयोग अवश्य करून पाहावा.

ओलावा टिकावा म्हणून पेटीचीं हवेचीं भोंकें बुजविणें ही मोठी चूक होय. प्राणवायूची गरज याच दिवसांत सर्वांत अधिक असते. झांकण उघडूं नये, परंतु भोंकें उघडीं असावींत. पंखा असलेल्या पेटींत उष्णता ३७.५ अंश सेल्सिअस ठेवावी. वीज गेली तर घाबरूं नये. या वयाचीं पिलें स्वतः बरीच ऊब निर्माण करितात, व पेटीभोंवतीं भोंकें सोडून गोधडी गुंडाळली तर तास दोन तास सहज निभावतात. थंडीपेक्षां अति उष्णतेचेंच भय अधिक. पेटी उन्हांत राहिली तर थोड्याच वेळांत सर्व नाश होतो. अंड्यांच्या या स्वतःच्या उबेवर चीन व बांगलादेश येथील जुनी रीत उभी आहे. तेथें भाताच्या तापविलेल्या तुसांत अंडीं ठेवितात. तीं पुरेशीं वाढलीं म्हणजे बिछान्यावर पसरून नुसतें पांघरूण घालितात, व हात लावून पांघरूण कमी-अधिक करितात.

शेवटच्या दिवसांत पेटीजवळ कान नेला तर आंतून बारीक चिवचिव ऐकूं येते. गिल्बर्ट गॉटलिब या अमेरिकन शास्त्रज्ञानें या आवाजाचा दीर्घ अभ्यास केला व १९७१ सालीं तो ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाला. ज्या पिलांचा आवाज अंड्यांत असतांनाच बंद केला होता व ज्यांस इतर पिलांचाही आवाज ऐकूं दिला नव्हता, त्यांस बाहेर आल्यावर बदकाच्या मादीची हांक आणि कोंबडीची हांक यांतला भेद नीट करितां येईना. आईची हांक ओळखण्याचें शिक्षण कवचाच्या आंतच सुरू होतें, तें असें.

बाहेर आलेलें पिलूं ओलें व केविलवाणें दिसतें. तें पेटींतच वाळूं द्यावें. पोटांतील बलकावर त्याचा पहिला दिवस निभावतो, म्हणून दाण्याकरितां झांकण उघडण्याची घाई नको. पुढें खाण्यास देतांना एवढें पाहावें कीं, बदकाच्या पिलांस नायसिन हें जीवनसत्त्व कोंबडीच्या पिलांपेक्षां अधिक लागतें. नुसतें कोंबडीच्या पिलांचें खाद्य दिल्यास पायांत दोष येण्याचा संभव असतो, यास्तव त्यांत थोडें यीस्ट मिसळावें. आईवांचून वाढणाऱ्या पिलांस पहिले कांहीं दिवस पोहूं देऊं नये; त्यांची लव भिजून तीं गारठतात. पिण्याचें भांडें उथळ असावें, पण नाकपुड्या बुडवून धुतां येतील इतकें पाणी त्यांत असावें.