आधी वही, मग एआय

समजा, नाशिकमधल्या एका शाळेत आठवीच्या वर्गाला प्रकल्प दिला आहे: काळाराम मंदिर सत्याग्रह. आठवड्याने वह्या गोळा होतात आणि निम्म्या वह्यांत तशीच प्रस्तावना, तेच पाच मुद्दे आणि तसाच निष्कर्ष निघतो. अक्षर मुलांचं, मजकूर मोबाइलमधला. पूर्वी हीच गोष्ट गाईडमुळे व्हायची. फरक इतकाच, की गाईड सगळ्यांना एकच उत्तर द्यायचं, त्यामुळे ते शिक्षकांच्या लगेच लक्षात यायचं. एआय मात्र मुद्दे तेच ठेवून विचारणाऱ्यागणिक शब्द बदलून देतं.

यावर 'शाळेत एआय नकोच' असं म्हणणारे आहेत, तसे 'काळाबरोबर चाला' असं सांगणारेही. न्यूयॉर्क शहराच्या सरकारी शाळांनी जानेवारी 2023 मध्ये चॅटजीपीटी बंद केलं आणि त्याच वर्षी मे महिन्यात बंदी उठवली. बंदी शाळेच्या फाटकापर्यंतच चालते, घरातल्या मोबाइलवर चालत नाही. म्हणून एआय वापरायचं की नाही यावर वाद घालत बसण्यापेक्षा ते कोणत्या टप्प्यावर वापरायचं हे ठरवणं जास्त उपयोगाचं आहे. त्याआधी हे यंत्र उत्तर कसं तयार करतं ते पाहू.

उत्तर येतं कुठून?

चॅटजीपीटी, जेमिनी यांसारखी साधनं प्रचंड मजकुरावर घडवलेली असतात. कोणत्या शब्दांनंतर कोणते शब्द येण्याची शक्यता जास्त, याचा अंदाज ती त्या मजकुरावरून बांधतात आणि शब्दाला शब्द जोडत वाक्य पूर्ण करतात. एखादी तारीख खरी आहे की खोटी, हे तपासण्याची सोय या जोडणीत मुळातच नाही.

आपलाच विषय घेऊ. काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला 2 मार्च 1930 रोजी. महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला 20 मार्च 1927 रोजी. गांधीजींची दांडीयात्रा निघाली 12 मार्च 1930 रोजी. तिन्ही ठिकाणी मार्च आणि सत्याग्रह आहे, दोन ठिकाणी 1930 आणि दोन ठिकाणी डॉ. आंबेडकर. मजकुरात हे शब्द सतत आसपास येतात. त्यामुळे एखाद्या वेळी यंत्र महाडची तारीख नाशिकला चिकटवतं किंवा दांडीयात्रा आधी झाली असं सांगतं. चुकीचं उत्तरही बरोबर उत्तराइतक्याच ठाम सुरात येतं, त्यामुळे मुलाला शंका येण्याचं कारणच उरत नाही. आता बरीच साधनं इंटरनेटवर शोध घेऊन दुवे देतात. पण दिलेला दुवा उघडून तिथे खरोखर तेच लिहिलं आहे का, हे पाहण्याचं काम आपलंच राहतं.

मराठीत आणखी एक अडचण आहे. इंग्रजीच्या मानाने मराठी मजकूर इंटरनेटवर फारच थोडा, त्यामुळे चुकांना वाव जास्त. मालेगाव, सटाणा, देवळा भागातल्या मुलांची अहिराणी किंवा सुरगाणा, पेठ भागातली कोकणा बोली तर या साधनांच्या वाट्याला जेमतेमच आली आहे. पहिलीच्या मुलांसाठी धड्यातले शब्द बोलीत करून मागितले, तर यंत्र काहीतरी देईल. ते वर्गात वापरण्याआधी गावातल्या एखाद्या आजीला वाचून दाखवावं.

चार पायऱ्या

पहिली पायरी वहीची. एआय उघडण्याआधी प्रत्येकाने विषयाबद्दल जे ठाऊक आहे ते दहा ओळींत लिहायचं आणि न कळलेले तीन प्रश्न काढायचे. हे वर्गातच, शिक्षकांसमोर व्हावं. मूल मुळात काय जाणतं हे इथे कळतं आणि पुढे तुलना करायला आधार मिळतो.

दुसरी पायरी यंत्राला विचारण्याची. 'काळाराम सत्याग्रहावर निबंध लिहून दे' असं म्हटलं की काम संपलं आणि शिकणंही संपलं. त्याऐवजी असं विचारता येतं: 'मी आठवीत आहे. हे माझं दहा ओळींचं टिपण. मला नवीन मजकूर लिहून देऊ नकोस. यात कोणतं कारण सांगायचं राहिलं आहे, ते मला तीन प्रश्न विचारून दाखव.' आता यंत्र प्रश्न विचारतं आणि उत्तर शोधण्याचं काम मुलाकडेच राहतं.

हा फरक वरवरचा नाही. तुर्कस्तानातल्या एका माध्यमिक शाळेत सुमारे हजार विद्यार्थ्यांवर गणिताचा प्रयोग झाला. साधं चॅटजीपीटीसारखं साधन हाताशी असताना मुलांचे सरावातले गुण 48 टक्क्यांनी वाढले. पण नंतर साधन काढून घेऊन परीक्षा घेतली, तेव्हा हीच मुलं साधन कधीच न मिळालेल्या मुलांपेक्षा 17 टक्के मागे पडली. ज्या गटाला उत्तराऐवजी फक्त इशारे देणारं साधन दिलं होतं, त्या गटाचं असं नुकसान जवळजवळ झालंच नाही. साधन कशासाठी वापरलं, यावर सगळं अवलंबून होतं.

तिसरी पायरी पडताळणीची. एआयकडून आलेल्या मजकुरातली प्रत्येक तारीख, नाव आणि आकडा पेन्सिलने अधोरेखित करायचा आणि तो दुसऱ्या ठिकाणी शोधायचा. पाठ्यपुस्तक आहे, महाराष्ट्र शासनाने प्रकाशित केलेले डॉ. आंबेडकरांचे लेखन आणि भाषणांचे खंड आहेत, शाळेचं ग्रंथालय आहे. नाशिककरांना तर 1840 पासूनचं सार्वजनिक वाचनालय गावातच आहे. सापडलं की समोर पुस्तकाचं नाव आणि पान लिहायचं. नाही सापडलं तर ते वाक्य खोडायचं. तासाभरात पाच-सहा गोष्टी तपासून होतात आणि इतिहास कसा लिहिला जातो याचा थोडा अंदाजही येतो.

चौथी पायरी तोंडी कामाची. वही तपासताना प्रत्येकाला दोन-तीन मिनिटं समोर बसवायचं. 'रामनवमीच्या रथावरून काय झालं? 1935 मध्ये येवल्याला बाबासाहेबांनी जी घोषणा केली, तिचा या सत्याग्रहाशी काय संबंध?' ज्याने वाचून, समजून लिहिलं आहे तो अडखळत का होईना, सांगेल: पाच वर्षं झगडूनही देवळाचं दार उघडलं नाही, तेव्हा 13 ऑक्टोबर 1935 रोजी हिंदू म्हणून मरणार नाही हे जाहीर झालं. ज्याने फक्त उतरवून काढलं, त्याला हा धागा जोडता येणार नाही.

शेवटी वहीच्या मागच्या पानावर दोन ओळींची नोंद हवी: एआयची मदत कशासाठी घेतली आणि त्यातलं काय बदललं किंवा टाकून दिलं. मदत घेतली म्हणून गुण कापायचे नाहीत. लपवली तर मात्र विचारायचं.

पकडणाऱ्या सॉफ्टवेअरच्या नादी लागू नये

मजकूर माणसाने लिहिला की यंत्राने, हे ओळखून देणारी सॉफ्टवेअर आली आहेत. त्यांच्यावर विसंबून मुलाला दोषी ठरवणं धोक्याचं आहे. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनेच जानेवारी 2023 मध्ये असं एक साधन आणलं होतं. यंत्राने लिहिलेल्या मजकुरापैकी जेमतेम 26 टक्के त्याला ओळखता आला आणि माणसांनी लिहिलेल्यापैकी 9 टक्के मजकूर त्याने यंत्राचा ठरवला. अचूकता कमी म्हणून जुलैमध्ये ते बंद झालं. स्टॅनफर्डच्या संशोधकांना तर असं आढळलं, की इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी स्वतः लिहिलेले निम्म्याहून अधिक निबंध अशा सॉफ्टवेअरनी यंत्राचे ठरवले. आपली मुलं नेमकी याच गटात येतात.

शिक्षकांनी वापरताना

शिक्षकांनाही एआयची मदत होते. एकाच गणिताची सोपी आणि अवघड अशी पाच रूपं करून घेणं, सराव चाचणीसाठी प्रश्न काढणं, परिपत्रकाचा गोषवारा मागणं ही कामं त्याला बऱ्यापैकी जमतात. मात्र प्रश्नपत्रिकेतलं प्रत्येक उदाहरण शिक्षकांनी आधी स्वतः सोडवून पाहायला हवं.

वर्णनात्मक नोंदींचं तसं नाही. 'गटकार्यात उत्साहाने सहभागी होतो', 'स्वाध्याय वेळेवर पूर्ण करतो' अशी वाक्यं यंत्र मिनिटात शंभर देईल आणि ती कोणत्याही मुलाला चालतील. 'अपूर्णांकांची बेरीज करताना छेद समान करायला विसरते. चित्र काढून दाखवलं की जमतं' ही नोंद मात्र त्या मुलीला शिकवणाऱ्यालाच लिहिता येते आणि पुढच्या वर्षीच्या शिक्षकांना तीच उपयोगी पडते.

नोंदी करून घेण्याच्या नादात मुलांची नावं, गुण, आजारपण, आधार क्रमांक किंवा सरल पोर्टलवरची माहिती एआयमध्ये टाकणं तर साफ चुकीचं. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालील प्रत्येक जण बालक आहे. त्याची माहिती वापरायची तर पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. या कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. वर्गाचे फोटोही गंमत म्हणून चित्र बदलणाऱ्या ॲपला देऊ नयेत.

वयाचंही भान हवं. चॅटजीपीटीच्या अटींनुसार 13 वर्षांखालच्यांनी ते वापरायचं नाही आणि 18 पर्यंत पालकांची परवानगी लागते. युनेस्कोनेही 2023 च्या मार्गदर्शिकेत किमान 13 हीच मर्यादा सुचवली आहे. म्हणजे सातवीपर्यंत मुलांच्या हाती खातं नकोच. शिक्षकांनी एका पडद्यावर दाखवावं आणि मुलांनी प्रश्न सुचवावेत.

रेंज नसेल तर?

पेठ-सुरगाण्यातल्या पाड्यांवर नेटची खात्री नसते, घरटी स्मार्टफोन नसतो. तिथेही हे शिकवता येतं. शिक्षकांनी एआयचं एक उत्तर घरी छापून किंवा फळ्यावर उतरवून आणावं आणि मुलांना सांगावं: यातल्या चुका शोधा, पुस्तकात दाखवा. विषय गावचाच घ्यावा, म्हणजे नदी, जत्रा किंवा भात लावणी. आपल्या गावाबद्दल यंत्र काय ठोकून देतं हे एकदा पाहिलं, की पुढे त्याच्या शब्दावर मुलं डोळे मिटून विश्वास ठेवणार नाहीत.

या सगळ्यासाठी नवी यंत्रणा उभारावी लागत नाही. पहिली ते आठवीच्या आकारिक मूल्यमापनात प्रकल्प, स्वाध्याय आणि तोंडी काम ही साधनं कधीपासूनच आहेत. पण वेळेअभावी तोंडी काम बऱ्याचदा कागदावरच उरकलं जातं. मुख्याध्यापकांनी वेळापत्रकात त्याला वेळ द्यावा, शाळा व्यवस्थापन समितीने पुढच्या पालक सभेत एआयचे नियम एका पानावर मांडावेत आणि पालकांनी घरी गुण विचारण्याआधी 'काय लिहिलंस ते सांग बघू' असं म्हणावं. वहीवर ज्याचं नाव आहे त्याला वहीतलं समजावून सांगता आलं पाहिजे, हा एक नियम शाळेने पाळला तरी बाकीचे बरेच प्रश्न आटोक्यात येतील.