लायनर की क्रूझ? हुगळीला विचारा!

कोलकात्यात एस्प्लनेडहून मैदान ओलांडून नदीकडे गेलं, की बाबूघाट, आउट्राम घाट आणि जरा दक्षिणेला प्रिन्सेप घाट. आउट्राम घाटावरून एके काळी रंगूनच्या आगबोटी सुटत. प्रिन्सेप घाटावरून २० जून १८९९ रोजी स्वामी विवेकानंद भगिनी निवेदितांसह ‘गोलकोंडा’ने विलायतेला निघाले. त्या काळच्या लायनरचं काम एकच: ठरलेल्या तारखेला निघून, पावसावादळातूनही, माणसं आणि टपाल पलीकडच्या बंदरात पोचवायचं.

क्रूझ जहाज निघतं मौजेसाठी आणि बहुधा निघालं त्याच बंदरात परततं. बांधणीही वेगळी. लायनरची नाळ लांब, निमुळती, पत्रा जाड, इंजिन दांडगं. आज असं एकच जहाज समुद्रावर आहे, २००४ पासून धावणारं ‘क्वीन मेरी २’. वेग सुमारे ३० नॉट. क्रूझ जहाजं साधारण २०–२२ वर समाधानी. २०२४ मध्ये आलेलं ‘आयकॉन ऑफ द सीज’ टनेजमध्ये ‘टायटॅनिक’च्या पाचपट, पण घाई त्यालाही नाही.

१९१० मध्ये सावरकरांनी मार्सेलिसला जिच्यावरून उडी घेतली, ती ‘मोरिया’ पी अँड ओ कंपनीची लायनरच.

मला सगळ्यात आवडणारी गंमत मात्र कोलकात्याच्या साहेबांची. समुद्र २०० किलोमीटरवर, वाटेत हुगळीचे सरकते वाळूचे दांडे, पुढे लंकेला वळसा. म्हणून विलायतेची टपाल-बोट पकडायला ते मुंबई गाठत! परतणाऱ्यांसाठी तर बॅलार्ड पिअरवर बोटीलगतच ‘इंपीरियल मेल’ उभी असे; उतरा, गाडीत बसा, थेट हावडा.

कोकणच्या ‘रोहिदास’, ‘चंद्रावती’ या आगबोटीही लायनरच्याच जातीच्या. भाऊच्या धक्क्यावरून माणूस त्यात चढायचा तो गावी पोचायला. २०१८ मध्ये त्याच मुंबई-गोवा वाटेवर ‘आंग्रिया’ आली, ती मात्र क्रूझ.

आणि हुगळी? ‘क्वीन मेरी २’ला तरंगायला सुमारे १० मीटर पाणी लागतं, ‘गंगा विलास’ या नदीतल्या क्रूझला जेमतेम दीड. म्हणून २०२३ मध्ये वाराणसी ते दिब्रुगड ही ५१ दिवसांची, ३,२०० किलोमीटरची सफर ती कोलकात्यावरून आरामात करून गेली.